देवाला सोडलेले शेअर

ही १९९४ सालची गोष्ट. त्या वेळी मी इंदापुरात शाळेत गणित शिकवत होते आणि आमच्या घराची रस्त्याकडची खोली गोकुळ मासाळला भाड्यानं दिलेली होती. गोकुळ तहसील कचेरीत कारकून. अंगानं काटकुळा, आवाज बारीक, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघायची सवय. त्याची माणसं सुप्याकडची. वाडवडील मेंढरं राखणारे. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा घाट चढून यायचं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. नोकरीला लागलेला त्या घरातला गोकुळ हा पहिला.

बाकीचे भाडेकरू ज्या भिंतीवर देवाची कॅलेंडरं लावून गेले, त्या भिंतीवर गोकुळनं आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून लावले होते. वरच्या अंगाला निळ्या पेन्सिलीची रेघ, खालच्या अंगाला तांबड्या. निळी रेघ म्हणजे एका कंपनीच्या शेअरचा रोजचा भाव, हे दिसत होतं. तांबडी कशाची, ते मलाही पहिल्यांदा उमगलं नाही.

त्याची बायको मनिषा मला म्हणाली, "बाई, दवाखान्यात खाटंला तापाचा कागद लावत्यात न्हवं का, तसलं हाय ते. मोटर कंपनीचा ताप. माझं डोकं दुखलं तर इचारायचे न्हाईत, पर तिचा ताप रोज बघत्यात."

ती कंपनी विहिरीवरच्या मोटरी बनवायची. तिचं नाव घेत नाही. घरात सगळे तिला मोटरवालीच म्हणायचे.

दुपारी पुण्याहून येणाऱ्या एसटीतून वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरायचा. गोकुळ जेवणाच्या सुट्टीत स्टँडवर जाऊन पेपर घ्यायचा, मुंग्यांसारख्या अक्षरांतून मोटरवाली शोधून काढायचा आणि संध्याकाळी भिंतीवर निळा ठिपका द्यायचा. मग एक वजाबाकी. आजच्या भावातून दहा बाजार-दिवसांपूर्वीचा भाव वजा करायचा आणि उरेल त्याचा तांबडा ठिपका खाली द्यायचा. मध्ये शून्याची आडवी रेघ. उत्तर अधिक आलं तर ठिपका रेघेच्या वर, उणे आलं तर खाली. खात्याच्या ट्रेनिंगला पुण्याला गेला असताना त्याला फुटपाथवर एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, त्यातून त्यानं हे उचललं होतं. पुस्तकात त्याला काही भारदस्त नाव होतं. गोकुळ नुसतं दम म्हणायचा.

"भाव कुठवर गेला ते निळी सांगती," तो म्हणायचा. "अजून किती पळंल ते तांबडी सांगती."

"खरंच सांगते का?" मी विचारलं.

"सांगती बाई. पर हळू आवाजात."

शेअर गोकुळच्या नावावर होते, पण पैसा त्याचा नव्हता. आदल्या वर्षी त्याच्या वडिलांनी, तात्याबांनी, कळप विकला होता. चराईची रानं राहिली नव्हती. बागायतीच्या कडेला मेंढरू दिसलं की लोक काठी घेऊन धावत, आणि तात्याबांचे गुडघेही घाटाला कंटाळले होते. कळपाचा पैसा त्यांनी मुलाच्या स्वाधीन केला, आणि मोटरवाली निवडलीही त्यांनीच. "पाटाच्या कडंनं जावा, जितंतितं हिचीच मोटर घुरघुरती," ते म्हणाले होते. "लोकांची हीर आटंल, पर मोटर घ्यायची हौस आटायची न्हाय."

त्या पैशाचं पुढं काय करायचं तेही ठरलेलं होतं. काटेवाडीला गेणू बोराटे म्हणून भाजीपाला पिकवणारे गृहस्थ होते. त्यांना पाटाखालचा एक एकर विकायचा होता. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत लागला होता आणि सून भिजल्या रानात उतरायला तयार नव्हती. दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, असा गेणूआबांनी शब्द दिला होता. दिवाळीनंतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं.

हे रान हवं होतं गोकुळच्या आईला, सारजाबाईंना. लग्न झाल्यापासून ती बाई चालत होती. घोड्यावर संसार, पाठीला लेकरू, पुढे कळप. गोकुळचा जन्मसुद्धा वरंध घाटाच्या पायथ्याला, वाटेवरच झालेला. एकदा इंदापूरला आल्या तेव्हा माझ्या ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, "बाई, मला काय बी नगं. चैतात एका जागी बसून हिरवं बघायचंय. हिरव्याच्या मागं जायचं न्हाय. बसून बघायचं."

त्या उन्हाळ्यात मोटरवालीनं जोर धरला. जूनमध्ये तिचा भाव घेतल्याच्या दुप्पट झाला. गोकुळनं सुप्याला निरोप धाडला आणि आठवड्याच्या आत तात्याबा आमच्या दारात. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि हातात एक पितळी घंटा. मेंढ्याच्या गळ्यात बांधतात तेवढी.

"कागद काढ," ते म्हणाले.

गोकुळनं पेटीतून शेअरची सर्टिफिकेटं काढली. चार होती. तात्याबांनी ती पाटावर मांडली, कनवटीच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून त्यांच्यावर उधळला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाले आणि चारही कागदांची गुंडाळी करून घंटेच्या दोरीनं आवळून टाकली.

"मामा, ह्ये काय केलंत?" मनिषानं विचारलं.

"देवाला सोडलं."

मेंढरं राखणाऱ्या त्या घरात एक रीत होती. कळपातला सगळ्यांत देखणा, सगळ्यांच्या पुढे चालणारा मेंढा देवाच्या नावानं सोडायचा. त्याच्या गळ्यात घंटा. तो विकायचा नाही, कापायचा नाही. त्याच्या पायगुणानं मागचा कळप वाढतो. म्हातारा झाला की घंटा काढून एखाद्या तरण्या मेंढ्याला बांधायची, पण म्हाताऱ्याला घरातून घालवायचं नाही. तो मरेपर्यंत घरीच. तात्याबांच्या शेवटच्या मेंढ्याची घंटा कळप विकल्यापासून खुंटीला लटकत होती.

"दुप्पट झालं ते कुणामुळं?" तात्याबा म्हणाले. "ह्यो पुढं चालला म्हणून. आता ह्याला हात लावायचा न्हाय. मागचा कळप वाढंल, त्यातनं घिऊ रान."

"मागं कळप कुठाय तात्या?" गोकुळ म्हणाला. "सगळा कळप ह्योच हाय."

"वाढंल."

"बरं, मेंढा तरी एकच असतोय न्हवं? हितं कागद चार हायत. एक देवाला सोडा, तीन माघारी द्या."

"मेंढ्याला पाय चार असत्यात. म्हणून तीन पाय इकायचं व्हय रं?"

मनिषा पदरात तोंड घालून हसली. मलाही हसू आवरलं नाही. गोकुळला हसायला आलं नाही. काटेवाडीचं रान त्या पायांवरच उभं होतं. तात्याबांनी गुंडाळी घोंगडीत घातली आणि दुपारच्या गाडीनं सुप्याला नेली.

जुलै संपता संपता गोकुळ एक दिवस माझ्याकडे आलेखाचा कागद घेऊन आला. "बाई, भाव वर चाललाय आन् तांबडी खाली येती. माझी वजाबाकी चुकती काय?"

मी पडताळून पाहिलं. वजाबाकी बरोबर होती.

"चढतोच आहे," मी म्हणाले. "पण आधी दहा दिवसांत जेवढं चढायचा तेवढं आता चढत नाही. पाऊल आखूड पडतंय."

त्याला ते पटलं, पण नीट दिसलं नसावं. मग मी त्याला गळिताच्या हंगामाची आठवण करून दिली. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कालव्याच्या पुलाच्या चढाला लागला की आपण घरात बसून ओळखतो, हा जाणार की अडकणार. चाक पुढेच जात असतं, पण आवाज जड होतो, वेग मरत जातो. थांबणं सगळ्यांत शेवटी येतं.

"आन् मग मागं सरकतोय," गोकुळ म्हणाला.

"नेहमी नाही. कधी ड्रायव्हर गिअर बदलतो आणि चढून जातो. वेग मरतोय एवढंच कळतं. गिअर बदलेल की नाही ते नाही कळत."

तेव्हापासून तो रोज खालच्याच रेघेकडे बघू लागला. जुलैमधलं तांबडं शिखर सगळ्यांत उंच होतं. ऑगस्टमध्ये निळ्या रेघेनं जुलैचा भाव मागे टाकला, तांबडी मात्र जुलैच्या शिखराच्या खांद्यापर्यंतच पोचली. गणपती बसले तेव्हा निळी आणखी वर होती आणि तांबडी कमरेला.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं बारामतीला गेलो. माझं शाळेचं काम होतं, त्याचं दादासोकडे. दादासोचं खताचं दुकान होतं. काउंटरच्या एका बाजूला युरियाची पोती, दुसऱ्या बाजूला शेअरचे फॉर्म. लोकांची खरेदी-विक्री तो पुण्याच्या दलालाकडे धाडायचा. विकायचं म्हटल्यावर तो गोकुळकडे बघतच राहिला.

"येडा का खुळा? सगळी दुनिया घ्याय लागलीय आन् तू इकतोस?"

"दम कमी झालाय."

"कुणाचा? तुझा?"

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. गोकुळनं कागद उलगडून तांबडी रेघ दाखवली. दादासोनं तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. "बरं, आण सर्टिफिकेटं. कुठायत?"

"तात्यांनी देवाला सोडल्यात."

हे सांगायला गोकुळला बराच वेळ लागला. ऐकून दादासो हसला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "मग कागद हरवलं म्हणून अर्ज टाक कंपनीकडं. नवीन मिळत्यात. सही तर तुझीच हाय. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

"सही माझी हाय," गोकुळ म्हणाला. "शेअर तात्यांचे हायत."

"मग तात्यालाच आण की."

परतीच्या गाडीत गोकुळ मला म्हणाला, "बाई, गौरीच्या सुट्टीत सुप्याला चला. तात्या माझं ऐकायचे न्हाईत, पर शिकवणाऱ्या माणसापुढं जरा गप बसत्यात."

मी गेले. सुप्याला उतरून माळावरून बरंच चालायचं होतं. भादवा असूनही गवत घोट्याएवढंच होतं. घर दोन खणांचं, वर पत्रा. मनिषा गौरींसाठी आधीच जाऊन राहिली होती. देव्हाऱ्यात देवांचे टाक, त्यांच्या शेजारी ती गुंडाळी, घंटेसकट, भंडाऱ्यानं पिवळी झालेली.

गोकुळनं घोंगडीवर आलेखाचे कागद पसरले. तात्याबांना अक्षरओळख नव्हती. गोकुळ समजावून सांगू लागला, ते त्यांनी हातानंच थांबवलं. निळ्या रेघेकडे त्यांनी बघितलंच नाही. तांबडीवर बोट ठेवून ते हळूहळू सरकवत निघाले, चढावर चढ, उतारावर उतार.

"ह्यो उंच गेलाय तो कवाचा?"

"आकाडातला."

"आन् ह्यो?"

"पोळ्याच्या आधीचा."

"ह्यो आत्ताचा?"

"व्हय."

तात्याबांचं बोट तिथं थांबलं. "दमलाय ह्यो," ते म्हणाले. "पुढं हाय, पर दमलाय. एखाद्या म्हयन्यात बसंल."

गोकुळनं माझ्याकडे बघितलं. सामना जिंकल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "मी तरी काय म्हणतोय तात्या? भाव वर हाय तवर इकू. काटेवाडीचं रान घिऊ. आयचं बसणं हुईल."

तात्याबा ताठ झाले. "दमला म्हणून इकायचा? उमेदीत हुता तवर गळ्यात घंटा, आन् पाय जड झालं की खाटकाच्या दारात? आपल्यात आसं कुणी केलंय? देवाचा म्हातारा मेंढा मी खांद्यावर घिऊन घाट चढलोय. इचार तुझ्या आयला."

"ते जित्राब हुतं. ह्यो कागद हाय."

"कागद हाय तर मग त्याला दम कसा लागतोय?"

मी म्हणाले, "तात्याबा, पण गणितानं जे दिसतंय..."

"बाई, तुमचं गणित बराबर हाय. मी कुठं न्हाय म्हणतो? मलाबी दिसतंय की. पर दिसलं म्हणून तसंच करायचं, आसं कुठं हाय?"

आत चुलीवर पुरणपोळ्या चालल्या होत्या. सारजाबाई पिठाच्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ ऐकत होत्या कुणास ठाऊक.

"कळप इकला तवा त्यात माझी मेंढरं किती हुती?" त्यांनी विचारलं.

"आता त्याचं काय मधीच?"

"किती हुती?"

त्यांच्या घरातली ही दुसरी रीत मला त्या दिवशी कळली. लग्नात माहेरून आंदण आलेल्या मेंढ्या बाईच्या, आणि त्यांची पैदासही बाईचीच. त्यांच्या कानाला वेगळी खूण. राखायची नवऱ्यानं, दूध-लोकर घराला. पण विकायचं झालं किंवा देवाला सोडायचं झालं तर तिला विचारून.

"निम्मी," तात्याबा शेवटी म्हणाले.

"निम्म्याच्या वर. पर निम्मीच धरू. माझ्या खुणंचं जित्राब देवाला सोडायचं तर मला इचारलं का तुमी?"

"अगं, कागदाला कुठं कान असत्यात खूण बघाय?"

"मगाशी दम हुता की कागदाला. मग कान बी असतील."

मनिषा आतून मोठ्यानं हसली आणि हसू खोकल्यात लपवलं.

"देवाचा कोप झाला म्हंजी?" तात्याबा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"देवाला म्हणावं, दुसऱ्याचं दान घिऊ नगं. आन् कोपाचं म्हणाल तर माझा हितंच हाय, उंबऱ्यात. त्याचं आधी बघा."

तात्याबा उठले. देव्हाऱ्यापुढे बसून त्यांनी दोरी सोडली. घंटा पाटावर घरंगळली, तिचा आवाज झाला तेव्हा त्यांनी पटकन तिच्यावर हात ठेवला. दोन कागद काढून त्यांनी बायकोसमोर धरले. सारजाबाईंनी हात पुसले आणि घेतले. उरलेल्या दोन कागदांची तात्याबांनी पुन्हा गुंडाळी केली आणि पहिल्यासारखी घंटेला बांधली.

"पुढचं दोन पाय तुझं," ते म्हणाले. "मागचं दोन देवाचं."

"मग देवाला ढकलतच न्यावं लागंल की मामा," मनिषा आतून म्हणाली. तात्याबांनाही हसू आलं.

पुढच्या आठवड्यात दादासोनं ते शेअर विकून दिले. पैसा अर्ध्याच एकराला पुरत होता, आणि गेणूआबा म्हणाले, "बोलणं एकराचं झालंय. वीस गुंठ्याचं न्हाय." गोकुळ दोनदा जाऊन रिकाम्या हातानं आला. मग सारजाबाई एकट्याच गेल्या. काही न बोलता बांधावर जाऊन बसल्या. गेणूआबांनी पाणी धाडलं, चहा धाडला, शेवटी स्वतः आले.

"वैनी, उनात कशापायी बसलाय?"

"बघाय आलीया."

"काय बघाय?"

"हिरवं."

दिवस कलेपर्यंत त्या तिथंच होत्या. गेणूआबांनी पाण्याच्या पाळीसकट वीस गुंठे द्यायचं कबूल केलं.

एवढ्यावर गोष्ट सरळ झाली असं वाटेल, तसं झालं नाही. शेअर विकल्यावर मोटरवाली पुन्हा चढू लागली. नवरात्रात तर रोज नवा उच्चांक. तात्याबा मुद्दाम भिंत बघायला इंदापूरला आले.

"काय रं, निळी कुठवर गेली?"

"वर."

"आन् तांबडी?"

"शून्याच्या जरा वर."

"म्हंजी देवाचं पाय अजून चालत्यात," तात्याबा म्हणाले आणि मनिषानं दिलेल्या चहात बोटं घालून चार थेंब देवासाठी जमिनीवर शिंपडले. "पुढचं दोन पाय कुणी इकलं म्हणायचं?"

गोकुळचं जेवण तुटलं. कचेरीतले लोक त्याला "दम हाय का गोकुळ?" म्हणून हाका मारत. एका संध्याकाळी पेन्सिल हातात धरून तो माझ्या दारात उभा राहिला.

"बाई, गिअर बदलला काय त्यानं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

दसरा झाला. मग एका दिवशी तांबडा ठिपका शून्याच्या रेघेवर बसला, दुसऱ्या दिवशी रेघेच्या खाली. त्यानंतर तो वर आला नाही. दिवाळीच्या पाडव्याला निळी रेघ, शेअर विकले त्या भावाच्याही खाली होती. गोकुळनं तो कागद माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं होतं तो सुप्याला जाऊन वडिलांना दाखवेल. त्यानं दाखवलं नाही. पुढच्या पोळ्यापर्यंत मोटरवाली घेतल्या भावाच्याही खाली गेली. तेव्हा कधीतरी तात्याबा आले, भिंतीपुढे उभे राहिले, तांबडी रेघ कुठं आहे ते बघितलं.

"बसला," ते म्हणाले.

"व्हय तात्या."

"बसू दी. वय झालं त्याचं."

काटेवाडीच्या रानात खोपट घातलं होतं. पहिल्या चैत्रात सारजाबाई तिथं राहायला गेल्या. आठवडाभर त्यांनी बसून हिरवं बघितलं. भोवती ऊस, मेथी, पलीकडे गेणूआबांची वांगी. मग त्यांचा निरोप आला की बसून बसून पाय धरलेत, एक मेंढी धाडा. एकीच्या तीन झाल्या, तिघींची पैदास झाली. पहाटे त्यांना घेऊन त्या पाटाच्या कडेनं फिरून यायच्या. त्यांतला एक नर चांगला उंचापुरा निघाला. तात्याबा सुप्याहून आले तेव्हा घंटा घेऊनच आले. मी त्या दिवशी मेथी न्यायला गेले होते, म्हणून बघायला मिळालं. मेंढा धरून ते खोपटाच्या दाराशी उभे राहिले.

"इचारतोय," ते म्हणाले. "बांधू का?"

सारजाबाईंनी मेंढ्याचा कान उलटा करून आपली खूण बघितली. "बांधा," त्या म्हणाल्या.

पुढे गेणूआबांनी उरलेलं रानही विकलं, पण मासाळांना नाही. मुलाकडे बारामतीला राहायला गेले आणि तिथल्या गच्चीवर कुंड्यांत वांगी लावत राहिले. तिथंच वारले. दादासोनं शेअरचे फॉर्म ठेवणं बंद केलं. युरिया चालूच राहिला. आता दुकान नातू बघतो. मनिषाला मुलगी झाली, प्रगती. ती माझ्याकडे गणिताला यायची. पुढे पुण्याला बँकेत लागली. गोकुळ बढत्या घेत नायब तहसीलदार होऊन दौंडला निवृत्त झाला. शेअर त्यानं पुन्हा थोडेफार घेतले. हल्ली मोबाइलवर या रेघा आपोआप निघतात, ठिपका द्यावा लागत नाही. गोकुळ म्हणतो, म्हणूनच त्यातलं काही लक्षात राहत नाही. त्याची भिंत आम्ही दोनदा रंगवली, तरी गोंदाचे चौकोन अजून दिसतात.

सारजाबाई काटेवाडीतच वारल्या, एका आषाढात. तात्याबा त्यानंतर तिथंच राहायला आले आणि दोन वर्षांनी गेले. घंटा त्यांच्या हयातीत आणखी दोनदा एका गळ्यातून दुसऱ्यात गेली. मोटरवाली बंद पडून आता पंचवीस वर्षं होत आली. तिचे ते दोन कागद मासाळांच्या देव्हाऱ्यात आहेत. दसऱ्याला मनिषा ते काढून पुसते, भंडारा लावते आणि परत ठेवते. प्रगती एकदा म्हणाली, आई, याला आता काही किंमत नाही, टाकून दे. मनिषा म्हणाली, "म्हातारा मेंढा कुणी टाकतं व्हय गं?"